विंडोज सर्व्हरवर आयपी पत्त्यांचे स्वयंचलित वाटप कसे उभारावे

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा आहे हे सांगणारा आकडा), गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) आणि डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारा) एवढ्या गोष्टी माहीत असाव्या लागतात. यंत्रे दहा-पंधरा असतील तोवर या नोंदी हाताने भरता येतात. ती शंभरावर गेली की कधीतरी एकच पत्ता दोन ठिकाणी भरला जातो आणि दोन्ही यंत्रांचा संपर्क आळीपाळीने तुटू लागतो. हे काम सर्व्हरवर सोपवणारा प्रोटोकॉल म्हणजे डीएचसीपी (डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल). तो १९९३ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि आयपीव्ही४ साठी आजही वापरात असलेली त्याची मुख्य व्याख्या मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहे.

विंडोज सर्व्हरवर डीएचसीपी बसवण्याची कृती छोटी आहे. अडचण वेगळीच आहे: या सेवेत झालेली चूक त्याच दिवशी दिसेल असे नाही. संगणकाने पत्ता घेतला की तो ठरावीक मुदतीच्या लीजवर त्याच्याकडे राहतो, आणि सर्व्हरवर काय बदलले आहे हे त्याला लीजच्या नूतनीकरणाच्या वेळीच कळते. त्यामुळे सोमवारी भरलेला चुकीचा गेटवे काही यंत्रांना त्याच दिवशी नडतो, काहींना गुरुवारी. पुढील मांडणीत कोणते बटण दाबायचे यापेक्षा कोणता निर्णय कधी आणि का घ्यायचा याला जास्त जागा दिली आहे, त्याचे कारण हेच.

लिनक्सवर हेच काम करायचे असल्यास नव्या उभारणीसाठी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमचा किआ हा सर्व्हर निवडावा. त्याच संस्थेच्या जुन्या आयएससी डीएचसीपीची देखभाल २०२२ मध्ये थांबली आहे. आज्ञा आणि फायली निराळ्या असल्या तरी पत्त्यांची आखणी, लीजची मुदत, रिले (नेटवर्कच्या दुसऱ्या भागातील मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचवणे) आणि पडताळणी यांविषयी येथे जे लिहिले आहे ते तिथेही लागू पडते.

पत्ता मिळतो कसा

नव्याने जोडलेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कुठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ कडे, म्हणजे आपल्या नेटवर्कवरील सर्वांना उद्देशून, ‘डिस्कव्हर’ हा संदेश पाठवतो. सर्व्हर एखादा मोकळा पत्ता काढून ‘ऑफर’ देतो, संगणक त्या पत्त्यासाठी ‘रिक्वेस्ट’ करतो आणि सर्व्हर ‘ॲक’ पाठवून व्यवहार पूर्ण करतो. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि संगणक ६८ क्रमांकाच्या पोर्टवर. तिसऱ्या टप्प्यातील रिक्वेस्टही सर्वांना ऐकू जाते. एकाहून अधिक सर्व्हरांनी ऑफर दिली असेल, तर ज्यांची ऑफर स्वीकारली गेली नाही त्यांना त्यावरून आपला पत्ता मोकळा झाल्याचे समजते.

लीजचा निम्मा काळ उलटला की संगणक ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्याच्याकडेच नूतनीकरण मागतो. त्याने उत्तर दिले नाही, तर मुदतीचा ८७.५ टक्के भाग संपल्यावर तो उत्तर देईल त्या कोणत्याही सर्व्हरकडे मागणी करतो. मुदत पूर्ण संपली तर त्याला पत्ता सोडावा लागतो आणि विंडोजचा संगणक मग १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. हा पत्ता दिसला की यंत्राला डीएचसीपी सर्व्हर सापडलेला नाही असे समजावे, आणि केबल, स्विचचा पोर्ट व सर्व्हरवरील सेवा या क्रमाने शोध घ्यावा.

आधी कागदावर आखणी

सर्व्हरला हात लावण्यापूर्वी पत्त्यांचा तक्ता तयार असावा. उदाहरणासाठी १०.२०.३०.० हे नेटवर्क आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क घेऊ. यात १ ते २५४ असे २५४ पत्ते वापरता येतात. त्यांतील १ ते ४० हे पत्ते राउटर, स्विच आणि सर्व्हर यांना हाताने देण्यासाठी ठेवावेत, ४१ ते २४० हा २०० पत्त्यांचा पट्टा डीएचसीपीच्या ताब्यात द्यावा, आणि २४१ ते २५४ राखीव म्हणून मोकळे सोडावेत. प्रिंटरसारख्या ज्या यंत्रांचा पत्ता बदलू नये असे वाटते, त्यांच्यासाठी डीएचसीपीच्याच पट्ट्यातील २२१ ते २४० हे पत्ते मनाशी नेमून ठेवावेत. सर्व्हर सहसा पट्ट्याच्या खालच्या टोकापासून पत्ते देत जातो, त्यामुळे वरच्या टोकाचे पत्ते बराच काळ मोकळे मिळतात. अशा प्रकारे नेहमीच्या यंत्रांसाठी १८० पत्ते उरतात.

मास्कबद्दल घाई करू नये. एका सबनेटसाठी, म्हणजे नेटवर्कच्या एका भागासाठी, वाटायच्या पत्त्यांचा पट्टा आणि त्याची मांडणी यांना ‘स्कोप’ म्हणतात. विंडोज सर्व्हरवर एकदा तयार झालेल्या स्कोपचा मास्क नंतर बदलता येत नाही. पट्ट्याची सुरुवात आणि शेवट त्याच सबनेटच्या आत वाढवता येतात, पण सबनेटच मोठे करायचे असेल तर स्कोप काढून नव्याने बांधावा लागतो, आणि त्याबरोबर सगळी आरक्षणे (ठरावीक यंत्रांसाठी राखलेले पत्ते) व लीजच्या नोंदीही जातात. यंत्रांची आजची संख्या मोजताना प्रत्येक माणसामागे एक संगणक एवढाच हिशेब धरणे आता चालत नाही. फोन, टॅबलेट, बैठकीच्या खोलीतील पडदा, कॅमेरे आणि हजेरीचे यंत्र हे सगळे पत्ता मागतात. शंका असेल तर सबनेट मोठे घ्यावे. खासगी वापरासाठी १० ने सुरू होणारी संपूर्ण मालिका उपलब्ध असताना पत्त्यांची काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

ज्या सर्व्हरवर ही सेवा चालणार त्याला स्वतःचा पत्ता हाताने दिलेला असणे आवश्यक आहे. तो ४० पर्यंतच्या गटातला असावा. आपल्या उदाहरणात १०.२०.३०.१० समजू. सर्व्हरला एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असतील, तर नको असलेल्या बाजूला पत्ते वाटले जाऊ नयेत म्हणून आयपीव्ही४ च्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘बाइंडिंग्ज’ तपासून घ्यावे. डोमेन कंट्रोलरवरच, म्हणजे संस्थेची खाती आणि संगणक सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच, डीएचसीपी बसवणे शक्य असते आणि लहान ठिकाणी ते सर्रास केले जाते. तरीही दुसरा सर्व्हर हाताशी असेल तर ही सेवा तिकडे ठेवणे मला अधिक बरे वाटते, कारण डीएनएसमधील नोंदींचे अधिकार आणि देखभालीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवता येतात.

जुन्या व्यवस्थेत इंटरनेटचा राउटरच पत्ते वाटत असेल, तर त्याच्यावरील डीएचसीपी बंद करण्याची वेळही या तक्त्यातच लिहून ठेवावी. दोन सर्व्हर एकमेकांना न कळवता एकाच पट्ट्यातून पत्ते देऊ लागले, तर दोघांच्याही नोंदी बरोबर दिसतात आणि नेटवर्क मात्र बिघडलेले असते.

भूमिका बसवणे आणि मान्यता देणे

सर्व्हर मॅनेजर उघडून ‘मॅनेज’ मेनूतील ‘ॲड रोल्स अँड फीचर्स’ निवडावे. प्रकार म्हणून ‘रोल-बेस्ड’ पर्याय ठेवून आपला सर्व्हर निवडावा, यादीतील ‘डीएचसीपी सर्व्हर’ समोर खूण करावी, सोबत येणारी व्यवस्थापनाची साधने स्वीकारावीत आणि ‘इन्स्टॉल’ दाबावे. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमधील आवश्यक नियम या वेळी आपोआप उघडले जातात. वाटेत दुसरी फायरवॉल असेल, तर वर सांगितलेली दोन पोर्ट तिच्यावर हाताने उघडावी लागतात.

बसवणी पूर्ण झाल्यावर सर्व्हर मॅनेजरच्या वरच्या पट्टीतील झेंड्यावर सूचना येते. ती दुर्लक्षून पुढे जाण्याची चूक अनेकांकडून होते. ‘कम्प्लीट डीएचसीपी कॉन्फिगरेशन’ या दुव्यावर गेल्यावर दोन कामे होतात: ‘डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स’ आणि ‘डीएचसीपी यूजर्स’ हे दोन सुरक्षा गट तयार होतात, आणि सर्व्हर डोमेनमध्ये असल्यास ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधील खाती व संगणक यांच्या नोंदवहीत) त्याला मान्यता दिली जाते. या मान्यतेसाठी मूळ मांडणीत ‘एंटरप्राइज ॲडमिन्स’ गटाचे सदस्यत्व लागते. डोमेनमधील विंडोज डीएचसीपी सर्व्हर सुरू होताना स्वतःची मान्यता तपासतो आणि ती नसेल तर पत्ते देत नाही. हे दोन्ही टप्पे झाल्यावर डीएचसीपीची सेवा एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी, म्हणजे नवे गट लागू होतात.

स्कोप तयार करणे

‘टूल्स’ मेनूतून डीएचसीपीचे व्यवस्थापन उघडावे, डावीकडे सर्व्हरच्या नावाखालील ‘आयपीव्ही४’वर उजवे क्लिक करून ‘न्यू स्कोप’ निवडावे. पहिल्या पानावर नाव विचारले जाते. ‘स्कोप१’ असे नाव देण्याऐवजी मजला, विभाग किंवा व्हीलॅनचा (स्विचवर आखलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कचा) क्रमांक त्यात यावा. दहा स्कोप झाल्यावर हीच नावे उपयोगी पडतात. पुढील पानावर पट्ट्याची सुरुवात १०.२०.३०.४१, शेवट १०.२०.३०.२४० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असे भरावे. मास्कची चौकट आपोआप भरली जाते आणि १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी ती २५५.०.०.० असा मास्क सुचवते, तेव्हा येथे थांबून तो हाताने दुरुस्त करावा. हीच ती नोंद आहे जी नंतर बदलता येणार नाही.

वगळायच्या पत्त्यांचे पान आपल्या उदाहरणात रिकामे सोडता येते, कारण हाताने दिलेले पत्ते पट्ट्याच्या बाहेरच ठेवले आहेत. पट्ट्याच्या मधोमध एखादे जुने यंत्र ठाण मांडून बसलेले असेल तर त्याचा पत्ता येथे वगळावा. त्यानंतर लीजची मुदत येते. विंडोज तेथे ८ दिवस सुचवते; तो आकडा स्वीकारायचा की नाही याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शेवटी पर्याय भरण्याविषयी विचारले जाते, तिथे ‘येस’ निवडावे. गेटवे म्हणून १०.२०.३०.१ भरून ‘ॲड’ दाबणे विसरू नये. नुसता आकडा लिहून पुढे गेल्यास तो जतन होत नाही. डोमेनचे नाव आणि डीएनएस सर्व्हर पुढच्या पानावर येतात. डोमेनमधील संगणकांना फक्त संस्थेचेच डीएनएस सर्व्हर द्यावेत. दुसरा पर्याय म्हणून एखादा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर जोडून ठेवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते, पण ज्या क्षणी संगणक त्या सर्व्हरकडे वळतो त्या क्षणी त्याला संस्थेतील नावे सापडेनाशी होतात, आणि हा प्रकार अधूनमधून घडत असल्याने त्याचे मूळ शोधणे फार जिकिरीचे होते. विन्सचे (नावे शोधणाऱ्या जुन्या विंडोज सेवेचे) पान रिकामे ठेवून स्कोप कार्यान्वित करावा.

हेच पर्याय सर्व्हरच्या, स्कोपच्या किंवा एकेका आरक्षणाच्या पातळीवर देता येतात, आणि जी पातळी अधिक विशिष्ट तिचे म्हणणे चालते: सर्व्हरवरील मूल्यावर स्कोपचे मूल्य मात करते आणि स्कोपच्या मूल्यावर आरक्षणाचे. सर्व सबनेटांना सारखेच असलेले डीएनएस सर्व्हर सर्व्हरच्या पातळीवर ठेवावेत, म्हणजे बदल एकाच जागी करावा लागतो. गेटवे मात्र नेहमी स्कोपमध्येच असावा. यादीत गेटवेचा क्रमांक ००३, डीएनएस सर्व्हरचा ००६ आणि डोमेनच्या नावाचा ०१५ असतो. नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची असेल तर ०६६ आणि ०६७ यांचा संबंध येतो, एरवी त्यांना हात लावू नये.

लीजची मुदत

मूळचे ८ दिवस एका जागी राहणाऱ्या संगणकांसाठी योग्य आहेत, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. चालू असलेला संगणक चौथ्या दिवशी नूतनीकरण करतो. म्हणजे सर्व्हर नियमित उत्तर देत असेल, तर अशा कोणत्याही संगणकाकडे कोणत्याही क्षणी किमान ४ दिवसांची मुदत शिल्लक असते. सर्व्हर अचानक बंद पडला तर आधीपासून चालू असलेल्या यंत्रांना तो दुरुस्त होईपर्यंत निदान चार दिवस काहीही जाणवत नाही. लीज २ तासांची असेल, तर हाच अवधी १ तासावर येतो. लीजचा निम्मा काळ म्हणजे बिघाड निस्तरण्यासाठी आपल्या हाती असलेला वेळ, असा हिशेब करूनच आकडा ठरवावा.

पाहुण्यांच्या वायफायचे गणित याच्या उलट आहे. समजा त्यांच्यासाठी १८० पत्त्यांचा स्वतंत्र स्कोप आहे, लीज ८ दिवसांची आहे आणि रोज ३० नवे फोन येतात. फोन संध्याकाळी निघून गेला तरी त्याचा पत्ता पुढे आठवडाभर अडकून राहतो. सहा दिवसांत १८० पत्ते संपतात आणि सातव्या दिवशी येणाऱ्या पहिल्याच पाहुण्याला पत्ता मिळत नाही, मग त्या वेळी इमारतीत एकही दुसरा फोन नसला तरी. अशा स्कोपसाठी २ ते ८ तासांची लीज ठेवावी.

नेटवर्कमध्ये बदल करायचा असेल तेव्हा लीजची मुदत आधीच कमी करून ठेवावी लागते. डीएनएस सर्व्हरचा पत्ता बदलायचा आहे असे समजू. नवे मूल्य चालू संगणकांपर्यंत नूतनीकरणाच्या वेळी पोहोचते, म्हणजे ८ दिवसांच्या लीजमध्ये काहींना ते चार दिवसांनी मिळेल, आणि तोवर जुना सर्व्हर चालू ठेवावाच लागेल. हा काळ आखडायचा असेल तर लीज ८ तासांवर आणावी. परंतु मुदत कमी झाल्याची बातमीही नूतनीकरणातूनच पोहोचते, म्हणून ही कपात प्रत्यक्ष बदलाच्या किमान चार दिवस आधी व्हायला हवी. बदल पार पडून सगळे सुरळीत दिसले की मुदत पुन्हा ८ दिवसांवर न्यावी. हे शेवटचे पाऊल राहून गेले तर काही महिन्यांनी सर्व्हरच्या पहिल्याच बिघाडात त्याची किंमत मोजावी लागते.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो आधीचाच पत्ता पुन्हा मागतो. सर्व्हर सापडला नाही तर विंडोज आधी गेटवे उत्तर देतो का ते पाहते आणि देत असेल तर उरलेल्या मुदतीपर्यंत जुनाच पत्ता वापरत राहते. त्यामुळे ‘मी सर्व्हर बंद केला, संगणक पुन्हा सुरू केला, तरी नेटवर्क चालू आहे’ यावरून डीएचसीपीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आरक्षण

प्रिंटरसारख्या यंत्रांना हाताने पत्ता देण्यापेक्षा डीएचसीपीमध्ये आरक्षण करणे सोयीचे असते, कारण गेटवे किंवा डीएनएस बदलल्यास प्रत्येक प्रिंटरच्या छोट्या पडद्यापुढे उभे राहण्याची वेळ येत नाही. स्कोपखालील ‘रिझर्व्हेशन्स’वर उजवे क्लिक करून नाव, पत्ता आणि यंत्राचा बारा अंकी हार्डवेअर पत्ता म्हणजे मॅक भरावा. यंत्राने आधीच लीज घेतलेली असेल तर लीजच्या यादीतील त्याच्या नोंदीवरून थेट आरक्षण करता येते आणि मॅक टंकलिखित करताना होणाऱ्या चुका टळतात. मात्र अशा आरक्षणात पत्ताही तोच राहतो.

फोनच्या बाबतीत ही पद्धत सहजासहजी चालत नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी वेगळा, यादृच्छिक मॅक वापरतात. एखाद्या फोनला कायमचा पत्ता द्यायचाच असेल, तर त्या नेटवर्कपुरती ही सोय फोनवर बंद करावी लागते. लिनक्सच्या आभासी यंत्रांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांतील काही वितरणे मॅकऐवजी यंत्राच्या अंतर्गत ओळखक्रमांकावरून तयार केलेली ओळख सर्व्हरला सांगतात, आणि एकाच साच्यावरून काढलेल्या प्रतींमध्ये तो क्रमांक सारखाच राहिल्यास मॅक भिन्न असूनही सगळ्यांना एकच पत्ता मिळतो. साचा गोठवण्यापूर्वी तो क्रमांक पुसून टाकावा किंवा मॅकवरूनच ओळख देण्याची नोंद त्यांच्या नेटवर्कच्या मांडणीत करावी.

एकापेक्षा अधिक सबनेट असतील तर

डिस्कव्हरचा संदेश राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या सबनेटमधील संगणकांना याच सर्व्हरकडून पत्ते द्यायचे असल्यास त्या सबनेटच्या गेटवेवर डीएचसीपी रिले सुरू करून त्यात सर्व्हरचा पत्ता भरावा लागतो. रिले संदेश पुढे पाठवताना आपल्या त्या बाजूच्या इंटरफेसचा पत्ता त्यात लिहितो, आणि त्यावरूनच सर्व्हर कोणत्या स्कोपमधून पत्ता द्यायचा हे ठरवतो. त्या पत्त्याशी जुळणारा स्कोप नसेल तर सर्व्हर गप्प राहतो. म्हणून रिले लावूनही पत्ते मिळत नसतील, तर आधी रिलेने लिहिलेला पत्ता स्कोपच्या सबनेटमध्ये बसतो का ते पाहावे, आणि मग सर्व्हरकडून त्या इंटरफेसपर्यंत परतीचा मार्ग आहे का ते.

दुसरा सर्व्हर

विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन डीएचसीपी सर्व्हरांना एकाच स्कोपसाठी जोडीने काम करता येते. ही सोय आयपीव्ही४ पुरतीच आहे. स्कोपवर उजवे क्लिक करून ‘कॉन्फिगर फेलओव्हर’ निवडावे आणि जोडीदार सर्व्हर सांगावा. ‘लोड बॅलन्स’ प्रकारात दोन्ही सर्व्हर मागण्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतात, तर ‘हॉट स्टँडबाय’मध्ये दुसरा सर्व्हर पहिला बंद पडेपर्यंत थांबून राहतो आणि त्याच्या हाती मूळ मांडणीत ५ टक्के मोकळे पत्ते राखून ठेवलेले असतात. दोन्ही सर्व्हर एकाच जागी असतील तर पहिला प्रकार घ्यावा. दुसरा सर्व्हर दूरच्या शाखेत असेल तर दुसरा. त्यांच्यातील संवाद टीसीपीच्या ६४७ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो आणि दोघांच्या घड्याळांत एका मिनिटाहून अधिक फरक चालत नाही.

लीजच्या नोंदी दोघांमध्ये आपोआप पोहोचतात, स्कोपच्या मांडणीतले बदल पोहोचत नाहीत. नवे आरक्षण किंवा बदललेला पर्याय जोडीदाराकडे न्यायचा असेल तर ‘रेप्लिकेट स्कोप’ हाताने चालवावे लागते. हे विसरले गेले तर एकाच सबनेटमधील काही यंत्रांना जुना गेटवे मिळतो आणि काहींना नवा, आणि ज्या सर्व्हरकडे आपण पाहत असतो त्याच्यावर सगळे बरोबरच दिसते. रिलेमध्येही दोन्ही सर्व्हरांचे पत्ते भरलेले असावेत.

जोडीदार असला तरी प्रतीची गरज संपत नाही. विंडोज दर ६० मिनिटांनी डीएचसीपीच्या डेटाबेसची प्रत काढते खरी, पण ती त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवते. ती दुसऱ्या यंत्रावर नेण्याची व्यवस्था वेगळी करावी.

पडताळणी आणि नंतरची देखरेख

स्कोप सुरू झाल्यावर एका चाचणीच्या संगणकावर आज्ञावलीची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा आधी ‘रिलीज’, नंतर ‘रिन्यू’ आणि शेवटी ‘ऑल’ या पर्यायासह चालवावी. मिळालेला पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर तर पाहावेतच, पण ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ आवर्जून वाचावी. तिथे १०.२०.३०.१० ऐवजी दुसराच पत्ता असेल, तर नेटवर्कवर आणखी कोणीतरी पत्ते वाटत आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील मान्यता फक्त विंडोजच्या सर्व्हरांना आवरते. कोणी भिंतीवरील सॉकेटला उलट्या बाजूने जोडलेला घरगुती राउटर तिला जुमानत नाही. त्यावरचा उपाय स्विचवर आहे: व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ सुरू करावे आणि ज्या पोर्टच्या पलीकडे खरा सर्व्हर आहे तेवढेच पोर्ट विश्वासू म्हणून नोंदवावेत. नोंदवताना स्विचांना एकमेकांशी जोडणारे पोर्ट सुटले, तर खऱ्या सर्व्हरचीच उत्तरे अडवली जातात.

लीजच्या यादीत ‘बॅड ॲड्रेस’ अशा नोंदी दिसू लागल्या, तर ते पत्ते कोणीतरी हाताने आधीच वापरत असल्याचे ते लक्षण असते. नव्या उभारणीत, जिथे जुन्या हाताने दिलेल्या पत्त्यांची यादी पूर्ण असल्याची खात्री नाही, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवरील ‘कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन अटेम्प्ट्स’ची संख्या ० वरून १ करावी. मग सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का हे पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावर छोटा चाचणीचा संदेश पाठवून, पाहतो. पत्ता मिळायला त्यामुळे थोडा विलंब लागतो, म्हणून २ च्या पुढे जाऊ नये. शिवाय पिंगला उत्तर न देणारी यंत्रे या तपासणीतून निसटतात, तेव्हा जुन्या यंत्रांचा शोध घेण्याला हा पर्याय नाही.

प्रत्येक मागणीची नोंद सर्व्हरच्या ‘सिस्टीम३२’ फोल्डरमधील ‘डीएचसीपी’ या फोल्डरात साध्या मजकुराच्या फायलीत होते. तिथे १० हा क्रमांक नवी लीज, ११ नूतनीकरण, १३ वापरात आढळलेला पत्ता आणि १४ पट्टा संपल्यामुळे पूर्ण न होऊ शकलेली मागणी दाखवतो. पैकी १४ ची एकही नोंद दिसली तरी त्या स्कोपची लीज आणि आकार दोन्ही तपासावेत. या फायली वारांच्या नावाने बनतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुसून नव्याने लिहिल्या जातात. ८ दिवसांच्या लीजमध्ये एखाद्या तक्रारीचे मूळ सात दिवसांपेक्षा मागे असू शकते, म्हणून रोज त्यांची प्रत तारखेच्या नावाने दुसरीकडे ठेवणारे काम सर्व्हरच्या टास्क शेड्यूलरमध्ये पहिल्याच दिवशी लावून घ्यावे.